मांजरांसाठी नऊ थांबे

“शेपूट! अहो, शेपूट अडकेल ना त्याची!”

बायको ओरडली तसा टाइमकीपरांनी झाकण लावता लावता हात मागे घेतला. तेवढी फट सरकारला पुरली. सहा किलोचा तो बोका उसळी मारून टोपलीबाहेर आला, त्यांच्या मनगटावर एक लांबलचक ओरखडा काढला आणि कपाटाखाली जाऊन बसला. ‘सरकार’ हे नाव त्याला उगीच पडले नव्हते. कोणाचे ऐकायचे नाही आणि कोणाला जाब द्यायचा नाही, असा त्याचा कारभार होता. शेजारच्या टोपलीत त्याची बहीण चिमटी शहाण्यासारखी बसून हा तमाशा बघत होती.

“चार वाजून दहा मिनिटं,” टाइमकीपर मनगट चोळत म्हणाले. “दहा मिनिटं लेट.”

“मग मेमो द्या त्याला,” बायको म्हणाली.

ती असे काही बोलली की टाइमकीपरांना फार बरे वाटे. आहे, अजून सगळीच्या सगळी आहे, असे वाटे. तिने फरशीवर बसकण मारली, कपाटाखाली हात घातला आणि हळू आवाजात काहीतरी पुटपुटली. दोन मिनिटांत सरकार तिच्या मांडीवर होता आणि तिसऱ्या मिनिटाला टोपलीत.

बस डेपोत चौतीस वर्षे त्यांनी गाड्यांच्या वेळा सांभाळल्या होत्या. कोणती गाडी कुठे किती मिनिटे थांबेल, ड्रायव्हर जेवेल कधी, वाटेत खोळंबा झाला तर तो भरून कसा काढायचा, हे सगळे त्यांच्या बोटांवर असे. निवृत्त होऊन आठ वर्षे झाली तरी गल्लीत लोक त्यांना टाइमकीपरच म्हणत. बायकोची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. चारशे नंबर तिला तोंडपाठ होते. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी तिला लेकीचाच नंबर आठवेना, तेव्हा दोघे पोट धरून हसले होते. मग एकदा ती भाजी आणायला खाली गेली आणि तीन तासांनी बस थांब्यावर बसलेली सापडली. त्यानंतर हसणे बंद झाले. मांजरांची नावे मात्र ती अजून एकदाही चुकली नव्हती.

लेक राहायची अकराशे किलोमीटरवर. “बाबा, एकट्यानं किती दिवस ओढणार? इकडे या दोघं,” ती म्हणाली आणि त्यांनी एका शब्दात होकार दिला. पण मांजरे सोडून बायको येणार नव्हती, आणि मांजरे न्यायची तर आपल्या छोट्या गाडीशिवाय गत्यंतर नव्हते. झाले. तिथून जे भिजत घोंगडे पडले ते दोन महिने तसेच पडून होते.

टाइमकीपर स्वस्थ बसले होते असे नाही. मांजरांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन त्यांनी सगळे वहीत उतरवून घेतले होते. रोज थोडे थोडे गाडीतून फिरवा, दर वेळी वेळ वाढवा. फेरी संपली की घरीच परत आणा, म्हणजे प्रवास शेवटी घरी पोचतो हे त्यांच्या मनात पक्के होईल. मग त्यांनी मोठा कागद घेतला, पट्टीने रकाने आखले आणि प्रवासाचे वेळापत्रक केले. तीन दिवस, दोन मुक्काम. गाडी पन्नासच्या पुढे हाकायची नाही. दर दोन तासांनी थांबा, त्यात पाणी सात मिनिटे, शी-शूच्या डब्यातली माती बदलणे पाच मिनिटे, नुसती विश्रांती आठ मिनिटे. सरकार रुसला तर म्हणून प्रत्येक टप्प्यात दहा मिनिटे हातची राखलेली. कागदाचा फोटो त्यांनी लेकीला पाठवला.

लेकीचा लगेच फोन आला. “बाबा, मांजरांसाठी नऊ थांबे?”

“नऊच. आठात बसत नाही.”

“आणि तुम्ही दोघं जेवणार कुठे?”

टाइमकीपरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. एका बाजूने बघितला, दुसऱ्या बाजूने बघितला. सगळ्या गावच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना वेळेवर जेवू घालणारा माणूस स्वतःला आणि बायकोला तीन दिवस उपाशी नेणार होता. लेक इतकी हसली की त्यांनाही हसू फुटले. मग हसू आवरून तिने विचारले,

“बाबा, खरं सांगा. तुम्हाला यायचंय ना?”

“यायचंय गं. पण सरकार अजून अर्ध्या तासाच्या वर टिकत नाही. दोन तास तरी टिकायला हवा.”

“दोन महिने हेच ऐकतेय मी. सरकार टिकत नाही की तुम्ही?”

“चिमटीला औषध द्यायचंय,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. चिमटीला कसलेही औषध नव्हते.

लेकीने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. बायकोच्या डॉक्टरांनी सांगितले होते, नव्या जागेत गोंधळ वाढेल. किती वाढेल, पुन्हा कमी होईल का, ते सांगता येत नाही. या घरात तिचा हात न बघता दिव्याच्या बटणावर जात होता. चमचे कुठे, टॉवेल कुठे, न्हाणीघराची कडी कशी ओढायची, हे डोक्याने सोडून दिले असले तरी हातांनी धरून ठेवले होते. तेही सुटले तर? अकराशे किलोमीटर नेऊन तिला हरवून टाकायला ते का जात होते? मांजरांचे निदान वेळापत्रक करता येत होते. तिचे कसे करायचे ते चौतीस वर्षांत त्यांना कोणी शिकवले नव्हते.

एका दुपारी ती झोपली असताना ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले पुन्हा वाचत बसले होते. नव्या घरात पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, सगळे घर एकदम दाखवू नका. जुने अंथरूण न धुता बरोबर न्या. जेवणाच्या वेळा बदलू नका. लपून बसले तर ओढून काढू नका, जवळ नुसते बसून राहा, आपणहून बाहेर येईल. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आले की ही पाने आपण बराच वेळ मांजरांसाठी वाचतच नाही आहोत. त्यांना स्वतःची लाज वाटली. तरी ते उठले, धुवायच्या कपड्यांतून बायकोची फुलाफुलांची चादर वेगळी काढली आणि घडी करून पिशवीत ठेवली. संध्याकाळी लेकीला त्यांनी एवढेच सांगितले, “आम्हाला आधी एकच खोली दे. बाकीचं घर मागाहून बघू.” का, ते तिनेही विचारले नाही.

आजची फेरी एक तास जायची आणि एक तास यायची होती. बायको मागच्या सीटवर दोन्ही टोपल्यांच्या मध्ये बसली. पहिली दहा मिनिटे सरकारने नेहमीप्रमाणे आकाशपाताळ एक केले. शाळा मागे पडली, गोदामे मागे पडली, पाण्याची उंच टाकी मागे पडली. बायको टोपलीच्या फटीतून बोट घालून त्याच्याशी बोलत होती. “ओरड हो, ओरड. मोठ्यानं ओरड. मी आहे ना.” पंचविसाव्या मिनिटाला त्याचा आवाज उतरला. चाळिसाव्या मिनिटाला गाडीत नुसता इंजिनाचा आवाज राहिला.

तास पुरा झाला तिथे टाइमकीपरांनी गाडी एका झाडाखाली घेतली आणि मागे वळून बघितले. सरकार पाय ताणून, तोंड अर्धवट उघडे टाकून घोरत होता.

“टिकला की हो,” बायको म्हणाली.

“टिकला,” टाइमकीपर म्हणाले. इतक्या दिवसांच्या खटपटीला यश आले होते, आनंद व्हायला हवा होता. पण आता पुढे करायला सबब उरली नव्हती.

परत आले तेव्हा सव्वासहा वाजले होते. दोन जिने चढून त्यांनी आधी सरकारला दाराशी आणून ठेवले, मग खाली जाऊन चिमटीला आणि बायकोला घेऊन आले. कुलूप उघडले. बायको उंबऱ्यावरच थांबली.

“चल ना आत.”

ती आली. सावकाश, पदर सावरून, लोकांच्या घरात शिरतात तशी. तिने खिडकीकडे पाहिले, जेवणाच्या टेबलाकडे पाहिले, भिंतीवरच्या लेकीच्या फोटोपुढे क्षणभर उभी राहिली. “छान आहे घर,” ती म्हणाली. “उजेड आहे.”

टाइमकीपरांना वाटले, थट्टा करतेय. “आवडलं?”

“हो तर. थोडे दिवस राहायला काही वाईट नाही. आमच्या घरी कधी जायचं मग?”

ती टोपल्यांशी वाकली, दोन्ही झाकणे उघडली. सरकार बाहेर आला, अंग ताणले आणि सरळ फ्रिजच्या डोक्यावर आपल्या जागी जाऊन बसला. चिमटी तिच्या पायाला अंग घासत राहिली. बायकोचा चेहरा उजळला.

“बघा, यांना लगेच आवडलं,” ती म्हणाली. मग तिने टाइमकीपरांकडे नीट बघितले आणि तिचा आवाज बदलला. एक्स्चेंजमध्ये अनोळखी माणसांशी बोलताना ती लावायची तो मऊ, अदबशीर आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. “तुम्ही फार सांभाळून आणलंत हो आम्हाला. कुठे धक्का नाही की काही नाही. आता निघा तुम्ही. घरी बायको वाट बघत असेल.”

टाइमकीपर खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. दोन महिने ते प्रत्येक फेरीनंतर तिला तिच्या घरी परत आणत होते. या भिंती, ही बटणे, हे चमचे, सगळे तिच्यासाठी डोळ्यांत तेल घालून जपत होते. आणि ती या घरातून केव्हाच निघून गेली होती. किती वाजता, कुठल्या दिवशी, टाइमकीपर असून त्यांना पत्ता लागला नव्हता. वाईट तर वाटलेच, फार वाटले. पण इतके दिवस ते ज्याला भीत होते ते होऊनही गेले होते, आणि ती समोर उभी होती, मांजराला कुरवाळत होती, हसत होती.

“अगं, मी,” असे म्हणता आले असते. पूर्वी दोनदा म्हणून पाहिले होते. दोन्ही वेळा तिच्या डोळ्यांत जी भीती दाटली ती त्यांना पुन्हा बघायची नव्हती.

“हो, निघतो,” ते म्हणाले. “दार लावून घ्या.”

त्यांनी चपला घातल्या, बाहेर आले आणि दार ओढून घेतले. आतून कडी लावल्याचा आवाज आला. कठड्याला टेकून ते उभे राहिले आणि त्यांना रडू आले. वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली भरत होते, ती भरून वाहायला लागेपर्यंत ते रडले. किती मिनिटे, ते त्यांनी बघितले नाही. मग रुमालाने तोंड पुसले, केसांवरून हात फिरवला आणि घंटी वाजवली.

बायकोने दार उघडले. “आलात? आज किती उशीर! मघाशी मांजरांना घेऊन एक गृहस्थ आले होते. मला मेलीला पाणीसुद्धा विचारायचं सुचलं नाही. तसेच गेले बिचारे.”

“येणार आहेत ते परत,” टाइमकीपर म्हणाले. “शनिवारी. आपल्याला लेकीकडे न्यायला.”

“इतक्या लांब? जमेल त्यांना?”

“जमेल.”

तिने जरा विचार केला. “मांजरांशी फार मायेनं वागत होते हो,” ती म्हणाली. “मग जाऊ या त्यांच्याबरोबर.”

आणि बाजूला सरून तिने त्यांना आत यायला वाट दिली.