फळ्यावरच्या सहा ओळी

"चुकून गेले म्हणा, झिनेताबाई. दारं शेजारीशेजारी आहेत, कुणाचीही गल्लत होईल," आमचे हेडमास्तर शेफिक म्हणाले.

"इतकी वर्षं इथे आहे, सर. दार ओळखता येतं मला. आपलं हिरवं, त्यांचं निळं."

'त्यांचे' हेडमास्तर झ्डेन्को शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांच्या-आमच्यातलं युद्ध संपल्यापासून आमच्या गावात एकाच इमारतीत दोन शाळा भरतात. सकाळी आमची, म्हणजे बोस्नियाक मुसलमान मुलांची. दुपारी कॅथलिक क्रोएट मुलांची. वर्ग तेच, बाकं तीच, बोलणंही जवळपास तेच; दारं वेगळी आणि भाषेची नावं वेगळी. सकाळच्यांनी जाताना फळा पुसायचा. आमचं एक अक्षरही दुपारच्या मुलांच्या दृष्टीस पडता कामा नये. मी भौतिकशास्त्र शिकवते. पाणी दोन्ही दारांच्या आत सारखंच उकळतं, पण हे या दोघांना सांगण्यात अर्थ नाही. गळक्या छपरावरूनही ज्यांचं कधी जमलं नाही, ते आज प्रथमच एकमतानं बसले होते.

झिनेताचा गुन्हा असा. दुपारच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या बाई, याद्रांका, आईला घेऊन अचानक हॉस्पिटलात गेल्या. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. झिनेता निळ्या दारानं आत गेली आणि तिनं तास घेतला.

"काय शिकवलंत?" झ्डेन्कोंनी विचारलं.

"एक क्रियापद. रादिती, म्हणजे काम करणं. रादिम, रादिश, रादी. मी करते, तू करतोस, तो करतो. सहाही रूपं."

"कुठल्या भाषेत?"

"मुलांना कळली त्या."

"आमच्याकडे क्रियापदं वेगळी चालवतात."

"हो का? मग चालवून दाखवा की."

पक्षानं खुर्चीवर बसवण्याआधी झ्डेन्को फरश्यांचं दुकान चालवत. त्यांनी कॉफीचा घोट घेतला.

"पेन्शनला वर्ष राहिलंय, बाई," शेफिक म्हणाले. "उद्या सगळ्यांसमोर 'चुकून' एवढंच म्हणा. नाहीतर शुक्रवार तुमचा शेवटचा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "म्हणून टाक ना गं. कोण लक्षात ठेवतंय?"

"मी आत गेले तशी ती पोरं उठून उभी राहिली," ती म्हणाली. "ते काय माझ्यासाठी नव्हतं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही शाळांचे शिक्षक एका खोलीत जमले आणि सवयीनं दोन भिंतींना टेकून बसले. झिनेता उभी राहिली.

"मी ठरवून गेले. परत वर्ग रिकामा दिसला तर परत जाईन."

एवढं बोलून ती बसली. शिकलेल्या माणसांनी भरलेली खोली आपापल्या बुटांचं निरीक्षण करत राहिली.

शुक्रवारी तिनं आमच्या मुलांना तेच क्रियापद शिकवलं आणि फळा न पुसताच छत्री उचलून निघून गेली.

दुपारी याद्रांका वर्गात आली. मी व्हरांड्यात होते. मुलं फळ्यावरचं हळू आवाजात वाचू लागली होती: रादिम, रादिश. याद्रांका ते अक्षर बघत उभी राहिली. मग जिन्यावर झ्डेन्कोंचे बूट वाजले.

तिनं स्पंज भिजवला. फळा वरपासून खालपर्यंत पुसला, कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसला. मग खडू घेतला आणि त्याच सहा ओळी, त्याच क्रमानं, स्वतःच्या अक्षरात लिहून काढल्या.