ओतलेल्या बाईची हाक

घंटा ओतणाऱ्यांच्या त्या गल्लीत नियमांना तोटा नव्हता. हातोडा हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा, नाहीतर हातातली ताकद त्याच्याबरोबर जाते. भट्टीजवळ 'थंडी' म्हणायचं नाही, म्हणून माणसं कुडकुडत 'हवा बरी आहे' म्हणायची. नव्या सुनेचा एक केस साच्याच्या मातीत मळायचा. हे नियम मोडले तर चार शिव्या खाऊन भागायचं. एका नियमाचं मात्र तसं नव्हतं. वितळलेलं कासं साच्यात पडू लागलं की कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला, तर बोलणाऱ्याचा आवाज घंटेत ओतला जातो आणि माणूस कायमचा रिकामा होतो. मग तो कितीही ओरडला तरी ऐकायचं नाही. अशा माणसाला तिथे 'ओतलेला' म्हणत.

थोरल्या सुनेने हा नियम मोडला तो धाकट्या दिरासाठी. माती मळण्याचं काम तिचं, त्यामुळे ओली माती कशी दगा देते हे तिला घरातल्या पुरुषांपेक्षा जास्त कळे. त्या दिवशी ओतायला सुरुवात झाली आणि साच्याच्या कडेला तिला वाफेची बारीक रेघ दिसली. तिथेच दीर उकिडवा बसला होता. "भाऊजी, मागे व्हा," ती ओरडली. तो मागे झाला, आणि तो बसला होता त्या जागी उकळत्या धातूचा फवारा उडाला.

आता गंमत बघा. साचा वाळल्याचा निर्वाळा सासऱ्यांनी स्वतः दिला होता, साच्याला गाल लावून, सगळ्या गल्लीसमोर. सुनेचं ओरडणं ऐकू आलं असं म्हणायचं, तर साचा ओला होता असंही म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा बहिरं होणं सोयीचं. त्यात घंटा अशी गोड वाजली की सगळ्यांची खात्रीच पटली. नियमाप्रमाणे ज्याच्यासाठी शब्द निघाला त्याने आधी पाठ फिरवायची. दिराने ती अगदी तत्परतेने फिरवली. जीव वाचवणाऱ्या माणसाचं तोंड रोज बघणं जड जातं, त्याची आयती सुटका झाली. नवऱ्याने दोन दिवस मान खाली घातली आणि तिसऱ्या दिवशी घंटा घासायला घेतली.

छळ म्हणावा, तर कुणी तिला बोटही लावलं नाही. दोन वेळचं ताट मिळत होतं. काही सांगायचं असलं की सासूबाई चुलीकडे तोंड करून सांगायच्या. ती म्हणायची, दूध उतू जातंय. सगळे शांतपणे दूध उतू जाऊ द्यायचे आणि मग 'अगंबाई' म्हणत फडकं घेऊन धावायचे.

उत्तर द्यायची ती एकटी तिची मुलगी. तोंडाला कधी विसावा नाही म्हणून तिला टकळी म्हणत. सात वर्षांखालच्या पोरांना तो नियम लागू नव्हता. मुंगीला आजी असते का, धूर वरच का जातो, असं दोघींचं माती मळता मळता दिवसभर चालायचं. त्या पोरीच्या जिवावर ती तग धरून होती.

टकळीला सात पूर्ण व्हायला चार महिने उरले तेव्हा सासूबाईंनी चुलीला सगळं समजावून सांगितलं. सातव्या वाढदिवशी गल्लीत पारख होते. घरात ओतलेलं माणूस असलं, तर ते पोराच्या मागे उभं राहून तीन हाका मारतं. पोर वळलं, तर तेही ओतलेलं. शेवटी त्या म्हणाल्या, "ही वळणार. आईनेच लाडावून ठेवलीये. मग बसा दोघी जन्मभर एकमेकींशी बोलत."

क्षणभर सुनेला ते वाक्य आशीर्वादासारखं वाटलं. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी तिच्याने घास गिळवला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच सुरुवात केली. हाक मारली, पोरीने 'ओ' दिली, आणि तिने फाडकन थोबाडीत दिली. टकळीला आधी तो खेळ वाटला, ती हसली. दुसरी बसल्यावर हसू थांबलं. समजावून सांगावं, तर ते पोरीने ऐकायला हवं, आणि ऐकायचंच तर नव्हतं. "आई, मी काय केलं?" पोरीने रडत विचारलं. त्यालाही थोबाडीतच मिळाली.

महिना गेला, दोन गेले. खाऊ दाखवून हाक मारली, पोर फसली, मार खाल्ला. एकदा आई जमिनीवर पडून कण्हली, "टकळे, मला लागलंय गं." पोर हातातलं टाकून धावत आली. त्या दिवशी तिने सगळ्यात जास्त मारलं आणि मग मातीच्या ढिगामागे जाऊन स्वतःचा हात रक्त येईपर्यंत चावला. तिसऱ्या महिन्यात पोरीची मान अर्धीच वळायची. चौथ्यात ती वळायची थांबली.

पारखीच्या दिवशी गल्ली जमली. आईने तीन हाका मारल्या, मनापासून मारल्या, कारण लबाडी म्हाताऱ्या बायकांच्या नजरेतून सुटत नसे. टकळी समोर बघत उभी राहिली. तिचा खांदासुद्धा हलला नाही. सासऱ्यांनी नातीला उचलून घेतलं, दीर तर टाळ्या वाजवत होता. पोरगी वाचली, आणि आईला इतकं हलकं वाटलं की ती उभ्या उभ्या रडली.

घरी आल्यावर तिने टकळीला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि गुडघ्यांवर बसून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "झालं गं बाळा, संपलं सगळं. आता मारणार नाही. कुणी नसताना बोलत जाऊ आपण दोघी. बोल की."

पोरगी तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. चार महिन्यांत ती काही लपवायला शिकली नव्हती, तिच्या चेहऱ्यावर फक्त नवल होतं. मग ती हात सोडवून स्वयंपाकघराकडे पळाली.

"आजी, बघ ना," ती तिकडे हसत सांगत होती, "आई कशी नुसतंच तोंड हलवते."