जिजामावशींचं उन्हाचं कपाट

डेन्मार्कला जायची एकुलती एक जागा जिजामावशींना मिळाली.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, मीही लिहिलंच नाही असं समजतो. फेब्रुवारी २००४ चालू आहे, जागा मोकळी आहे आणि ती मलाच मिळणार आहे.

आमचं वसईचं इंजिनीअरिंग कॉलेज आणि डेन्मार्कमधलं एक विद्यापीठ यांच्यात सौरऊर्जेच्या संशोधनाचा करार झाला. त्या दिवशी प्राचार्यांनी समई लावली, ती वाऱ्यानं विझली, आणि पवनऊर्जेलाही भरपूर वाव आहे असं ते लगेच म्हणाले. करारात एक कलम होतं: ज्या व्यक्तीच्या हातून फळ सर्वांत चांगलं वाळेल, तिला डेन्मार्कमध्ये तीन महिन्यांचं प्रशिक्षण.

मी चंदनसारला राहतो. विरार स्टेशनपर्यंत जायचं म्हटलं तरी आई डबा देते. तिनं बिल्डिंगभर सांगून टाकलं होतं, आणि शेजारच्या सुरुचीकाकूंनी माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. आता न जाणं शक्यच नव्हतं.

फळं उन्हात वाळवायचं माझं यंत्र म्हणजे लाकडी खोकं, आत काळा पत्रा, वर काचेचं झाकण. त्यात सुकेळी करायची होती. राजेळी केळी सोलून मांडवावर आठवडाभर उन्हात वाळवली की सुकेळी होतात. वसईबाहेरच्यांना दाखवली तर ते खजूर समजतात. खाडीकाठच्या गावात नथूकाका आणि जिजामावशी हे नवरा-बायको दर वर्षी सुकेळी करायचे, म्हणून आमच्या हिलरी सरांनी खोकं त्यांच्याच अंगणात ठेवलं.

"ह्या कपाटात काय ठेवायचं?" मावशींनी विचारलं.

"केळी."

"आनि वर झाकन?"

"हो."

"का रे, काय केलं त्यांनी?"

रविवार सोडून रोज दहाला मी केळ्यांचं वजन करून कॉलेजला जायचो, चारला येऊन पुन्हा करायचो. थर्मामीटरचा आकडा भारदस्त दिसावा म्हणून खोक्याची हवेची भोकं मी चिकटपट्टीनं बंद केली होती. हे अहवालात नाही.

निकाल असा आला, की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. वर्गातल्या बाकीच्यांच्या खोक्यांत केळी काळी पडली, त्यांतल्या वेदांतच्या खोक्यात त्यांना केस आले. माझी मात्र मधाच्या रंगाची. वेळ मांडवाइतकाच लागत होता, पण मी 'पारंपरिक पद्धतीइतकेच वेगवान' असं लिहिलं.

सातव्या दिवशी डेन्मार्कच्या प्रोफेसर मॅडम पाहणीला आल्या. चारला यायच्या होत्या, पण त्यांचा किल्ला लवकर बघून झाला. सर, मॅडम आणि मी बाराला अंगणात शिरलो. मांडवावर माझी केळी ओळीनं पहुडली होती आणि मावशी एकेक हलक्या हातानं उलटत होत्या. खोक्यात नथूकाकांचे दोन बनियन होते.

"मावशी, हे काय?"

"तू गेलास की काढते. घाम फुटतो रे त्यांना आत. वारा नको? पावनेचारला परत ठेवते, तुला वाईट वाटायला नको."

"रोज?"

"रविवारी नाही. रविवारी तू कुठं येतोस?"

नथूकाका मॅडमना म्हणाले, "बनियन मात्र झकास सुकतात. भोकांवरची पट्टी तेवढी काढायची."

हिलरी सरांनी सगळं भाषांतर करून सांगितलं. पट्टीसुद्धा. सर फार प्रामाणिक आहेत, त्यांना कोणी मित्र नाहीत.

मॅडमनी एक सुकेळं दाबून पाहिलं. खाल्लं. मग आणखी चार खाल्ली. मग करार काढून ते कलम वाचलं, माझ्या हातांकडे बघितलं, मावशींच्या हातांकडे बघितलं, आणि जागा गेली.

"मी?" मावशी म्हणाल्या. "तिकडं ऊन किती असतं?"

"उन्हाळ्यात असतं," सरांनी विचारून सांगितलं. "मधूनमधून."

"सलग सात दिवस?"

मॅडम संशोधक. बराच वेळ आठवून त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग मी येऊन काय वाळवू? सात दिवसांचं लेखी द्या, येते. आनि हा पोरगा माझ्याबरोबर येईल, वजनं लिहायला. केळी कोंडतो, पन अक्षर चांगलं आहे."

माझ्याबद्दलची अट मॅडमनी जागच्या जागी मान्य केली; उन्हाचं लेखी देणं मात्र त्यांच्या हातात नव्हतं. स्वेटरची एक बाही झाली आहे, त्यामुळे मी घरी पोचताच चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला:

प्रति,
मुख्य अधिकारी, हवामान खाते, डेन्मार्क.

विषय: सलग सात दिवस ऊन मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, श्रीमती जिजा यांच्या दौऱ्याच्या काळात आपल्या देशात सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत, मध्यम वाऱ्यासह, रविवार धरून सलग सात दिवस ऊन पाडण्याची व्यवस्था व्हावी. ढग शिल्लक असल्यास ते सदर आठवड्यापुरते शेजारील देशात वर्ग करण्यात यावेत, आणि तसे लेखी आदेश उलट टपाली चंदनसारच्या पत्त्यावर पाठवावेत, ही नम्र विनंती.