बारा हजारांची ओल

भाडं बारा हजार, म्हणून पगार छत्तीस हवा. तिप्पट. हा नियम काढणाऱ्याने जन्मात कधी भाडं भरलं नसणार, असं रंगाऱ्याचं ठाम मत होतं. नवरा-बायकोचे मिळून साडेचौतीस होत होते.

पण खोली बायकोच्या कामापासून आठ मिनिटांवर होती. ती दवाखान्यातल्या चादरी धुवायची. सध्या दोघं शहराबाहेर थोरल्या भावाकडे राहत. दोन बस बदलायच्या म्हणून ती निघायची तेव्हा हा झोपलेला, हा परतायचा तेव्हा ती. बोलणं काय ते रविवारी. वहिनी चिडवायच्या, "तुमचा संसार म्हणजे दोन पाळ्यांचा कारखाना!" पण हसायलाही अंगात त्राण लागतं.

एका भिंतीला ओल असल्याने ती खोली कुणी घेत नव्हतं. इमारतीचा मॅनेजर म्हणाला, "तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणा, मिस्त्री. तोवर नाही गेली तर तुमची." तिथल्या खोल्या रंगवायचं काम याच्याकडेच असल्याने किल्लीही याच्याच खिशात होती.

रंगाऱ्याने तीन महिने रविवारीही काम केलं. बोलणं तेवढं बंद पडलं, पण तिन्ही महिने आकडा छत्तीसच्या वर गेला. आणि शेवटच्या आठवड्यात गड्याला हौस सुचली. रंगाऱ्याची बायको ओल्या भिंतीशी निजणार? मग रंगारी कशाला म्हणवून घ्यायचं! काम सुटलं की तो गिलावा खरवडे. बाहेरची भेग बुजवली, वॉटरप्रूफचे दोन हात दिले, वर तिच्या आवडीचा फिका पिवळा लावला. सगळं सामान पदरचं.

मॅनेजरने पावत्या पाहिल्या. मग भिंतीवरून हात फिरवला.

"ओल गेली की हो! आता ही पंधराला जाईल. पगार पंचेचाळीस लागेल."

"साहेब, ते मीच केलंय. माझ्या पैशानं."

"झकास केलंत. पण भाडं मालक ठरवतात हो." तो खरंच ओशाळला होता. "पलीकडच्या खोलीतही ओल आहे. तिचंही करता का? मजुरी देऊ."

रंगाऱ्याला संताप यायला हवा होता. तेवढीही ताकद उरली नव्हती.

"ती कितीला?"

"बाराला. ओल आहे ना."

"मग राहू द्या तशीच. ती मी घेतो."

बायको कामावरून सुटली तेव्हा तो दवाखान्याच्या दारातच उभा होता. चालता चालता त्याने सगळं सांगितलं. तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आत गेल्यावर तरी दुरुस्त करशील ना?"

"करार दरवर्षी नवा होतो. भिंत सुधारली की भाडं वाढलं. ओलीपुढे कपाट लावू."

आठ मिनिटांत पोचले. पलीकडच्या खोलीची भिंत खालपासून कमरेपर्यंत काळवंडली होती, रंगाचे पापुद्रे सुटले होते. रंगाऱ्याचा हात आपसूक खिशातल्या खरवडायच्या पट्टीकडे गेला. बायकोने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या पिशवीत टाकली.