स्पिरिटमधली काच

यंत्रातली जाळी नखाएवढीही नव्हती आणि तिच्यातून उजेड दिसत नव्हता. एल्डनने ती खिडकीकडे धरली, टाचणीने टोचली — एक भोक उघडलं, शेजारची तशीच — आणि टोचता टोचता चिमटा सुटून ती सिंकमध्ये गेली. पुन्हा. त्याची बायको लोरेन हे काम टीव्ही बघत करायची, मांडीवर जुना टॉवेल, बोटं काळी... आणि वर म्हणायची, तुझ्या हातात पाना बरा, हे नको.

दुपारी थेल्मा येणार होती. लोरेनची धाकटी बहीण, सांधेदुखीने बोटं वाकडी झालेली. गांजाची वाफ ओढायचं हे यंत्र थेल्माला द्यायचं, असं लोरेनने जायच्या आधी दोघांसमोर सांगून ठेवलं होतं. त्याची ना नव्हती. पण ओढायची काचेची नळी मळकी कुणी कुणाला देत नाही, ही गांजा उघड चालणाऱ्या साऱ्या ऑरेगनची रीत. आणि नळीच्या आतला तो तपकिरी थर म्हणजे... म्हणजे शेवटच्या हिवाळ्यातले तिचे श्वास, दुसरं काय. तिच्यामागून दोन झुरके तोही घ्यायचा, तिची उष्टी नळी न पुसता. आता ती धुऊन द्यायची म्हणे.

जाडं मीठ आणि स्पिरिट. नळी पिशवीत घालून हलवली, स्पिरिट चहासारखं झालं, थर हलेना. पुन्हा मीठ. मग कापसाची काडी आत घातली तर कापूस आतच राहिला, आणि तो तारेने उपसताना — असलं काम वैऱ्यालाही लागू नये — त्याच्या लक्षात आलं की नळीच्या बुडाची रबरी रिंग काढायचीच राहिली. ती स्पिरिट पिऊन फुगली होती. नळी यंत्रात बसेना. त्याने थेल्माला फोन लावला. यंत्र बिघडलंय, येऊ नकोस, असं सांगताना आवाजात सुटल्याचा आनंद होता. तो त्यालाही ऐकू आला.

"रिंग काढली नाहीस ना?" थेल्मा म्हणाली. "लोरेननं तुला एवढी वर्षं कसं झेललं कोण जाणे. वाळू दे, आकसते ती."

"बसत नाही म्हणतोय ना."

"संध्याकाळी बसेल. मी तेव्हा येते. आणि ते तपकिरी स्पिरिट ओतू नकोस हं. बशीत घालून खिडकीत ठेव. स्पिरिट उडतं, तळाला राहतं ते लोरेन लोण्यात घालायची."

लोणी त्याला माहीत होतं. झोप यावी म्हणून पावावर लावून तिने त्यालाही दिलं होतं. ते कुठून येतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

धुसफुसतच त्याने बशी भरली, खिडकीत ठेवली, शेजारी रिंग. मग नळी उचलली. डाग नव्हता. इतका वेळ हटून बसलेला थर कधी गेला, ते त्याला कळलंच नव्हतं, आणि याचाच त्याला जास्त संताप आला — निदान कळायला तरी हवं होतं. त्याने नळी नाकाशी नेली. दवाखान्यासारखा वास. ही नळी कुणाचीही असू शकली असती.

बशीतलं स्पिरिट कडेने मागे सरत होतं, मागे तपकिरी रेघ ठेवत. त्या रेघेबद्दल थेल्मा काही बोलली नव्हती. ती कुणाकडे राहायची, हे त्यानेही विचारलं नव्हतं आणि विचारणार नव्हता. संध्याकाळपर्यंत रिंग वाळायलाच हवी. बशी मात्र थेल्मा परत जाईपर्यंत वाळली नाही तर बरं...

ऊन खिडकीत आलं. त्याने चरफडत पडदा अर्धा ओढला — बशीपुरता.