बिनकाचेची

मी बोलतेय ती जरा मोठ्यानेच. राग मानू नका, मला सवयच तशी लागली आहे. मी एक बिनकाचेची गाडी आहे. छोटी, हलकी, दोन माणसांपुरती. मला टप नाही, दारं नाहीत आणि पुढे काचही नाही. माझ्यात बसून हळू आवाजात काही सांगायला जाल, तर वारा ते शब्द उचलून मागच्या रिक्षावाल्याला नेऊन देईल.

माझा मालक अनिरुद्ध. राहायला विश्रांतवाडीत, नोकरीला हिंजवडीत. तेव्हा तिथे आयटीच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. सकाळी कंपनीच्या बसची बंद काच, ऑफिसात न उघडणारी मोठी काच आणि दिवसभर डोळ्यांसमोर कॉम्प्युटरची काच. स्वभावाने तो फार भिडस्त. मीटिंगमध्ये त्याचं म्हणणं शेजारचा माणूस मोठ्याने सांगायचा आणि शाबासकीही तोच घ्यायचा. एक दिवस तो बायकोला, दीक्षाला म्हणाला, "मला एक अशी गाडी करायची आहे, जिच्यात माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये काहीच नसेल."

"पाऊस असेल," दीक्षा म्हणाली. "पण कर."

माझा सांगाडा, चाकं आणि इंजिन भंगारात निघालेल्या एका गाडीचं आहे. कागदपत्रंही तिचीच. अनिरुद्धने रविवारी रविवारी गॅरेजमध्ये बसून ते जुळवलं. प्रश्न अंगाचा होता. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला माझ्यासारखा गोलवा द्यायला कुणी गॅरेजवाला तयार होईना. शेवटी एकाने सुचवलं, "कसबा पेठेत तांबट आळीत जा. ते लोक काहीही गोल करतात."

तिथे रंगनाथकाका भेटले. जन्मभर त्यांनी आंघोळीचं पाणी तापवायचे तांब्याचे बंब, हंडे, घंगाळी घडवली होती. हातोड्याच्या आवाजाने कान जवळजवळ गेले होते. घरोघर गीझर आल्यावर कामही गेलं होतं. कौशल्याकाकू म्हणाल्या, "अहो, हे एवढं करा आणि दुकान बंद करा आता." काकांनी मान डोलावली. म्हणजे मी त्यांचं शेवटचं काम. हे आळीत सगळ्यांना माहीत होतं, अनिरुद्धलाही.

काकांनी मला जीव लावला. तो प्रत्येक ठोका मला आठवतो. मी तयार झाले त्या दिवशी आळीत मला वळवायला जागा नव्हती, तर शेजारपाजारच्यांनी मला चक्क उचलून वळवलं. हलकं असण्याचं सुख मला तेव्हाच कळलं.

अनिरुद्ध आला, त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला मी आरशासारखी गुळगुळीत हवी होती. माझ्या अंगावर मात्र नाकापासून शेपटापर्यंत बारीक बारीक खळगे होते. तांबट आळीत भांडं घडलं की त्यावर हातोड्याचे सारखे ठोके घालतात, त्याला मठार म्हणतात. मठारल्याशिवाय भांडं आळीबाहेर जात नाही. काकांनी मलाही तसंच सजवून ठेवलं होतं. गुळगुळीत हवी असं अनिरुद्धने सांगितलंच नव्हतं. गाडी गुळगुळीतच असते, हे काय सांगायचं!

"सगळा हाताचा मठार आहे," काका अभिमानाने म्हणाले. "एक ठोका दुसऱ्यावर गेलेला नाही. बघा."

अनिरुद्धने एका खळग्यावरून बोट फिरवलं. "छान आहे," एवढंच तो म्हणाला. दारात उभ्या कौशल्याकाकू त्याच्या बोटाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो मला हिंजवडीला हिंदुराव पेंटरकडे दाखवायला घेऊन गेला. हिंदुराव मोकळेपणाने हसले. "ह्यात काय हाय? सोमवारी आणा. पुट्टी भरतो, वर रंग मारतो. ठोके हुते, हे कुणाला कळायचं बी न्हाय."

घरी हे ऐकून दीक्षा म्हणाली, "काकांना सांगितलंस?"

"कसं सांगू?"

"अरे, तोंडाने. निदान पुट्टी भरायच्या आधी त्यांना एकदा फिरवून तरी आण."

म्हणून रविवारी काका माझ्यात बसले. डोक्याला मफलर, डोळ्यांवर दीक्षाचा गॉगल. माझे तोटे त्यांना लगेच कळले. बसने धूर सोडला, तो थेट तोंडावर. एका किड्याने गालावर टपली मारली. वाळूचा ट्रक पुढे आला तेव्हा दोघांच्याही दातांत कचकच झाली. काच असती तर यातलं काही झालं नसतं, हे मी कबूल करते.

सिग्नलला एक स्कूटरवाले आजोबा शेजारी थांबले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "काय हो, पाणी तापलं का? आंघोळीला येऊ?"

मागचे दोघे फिदीफिदी हसले. अनिरुद्धने मान खाली घातली.

"काय म्हणाले ते?" काकांनी विचारलं.

अनिरुद्ध त्यांच्या कानाशी वाकला. "गाडी आवडली म्हणाले!"

काकांनी वळून आजोबांना मनापासून नमस्कार केला. आजोबा ओशाळले, त्यांनी घाईघाईने हात जोडले आणि सिग्नल सुटायच्या आधीच स्कूटर पुढे काढली.

आळंदी रस्त्याला लागल्यावर गर्दी विरळ झाली आणि मी जरा वेग घेतला. आता मात्र माझं दुसरं रूप सुरू झालं. कुठेतरी ओलं गवत कापलं होतं, त्याचा वास आला. कुणाच्या तरी कढईतली भजी तळून झाली होती, तेही कळलं. काकांनी मफलर सोडला. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उभे राहिले आणि हा माणूस मोठ्याने हसायला लागला. पुढच्या पत्र्यावर त्यांनी तळवा टेकवला. इंजिनाची थरथर त्यांच्या हाताला लागत होती. कानांनी सोडून दिलेलं त्यांना हातातून मिळत होतं.

तसाच हात ठेवून ते म्हणाले, "अनिरुद्धराव, हे खळगे तुम्ही भरून घेणार आहात ना?"

अनिरुद्ध दचकला. काहीतरी पुटपुटला. काकांना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"ही म्हणाली मला. तुमचं बोट बघून ओळखलं तिने. काय ते सांगा."

तो पुन्हा हळूच काही बोलला. ते वाऱ्याने नेलं. माझ्यात कुजबुजायची सोय नाही. काच असती तर कदाचित तो तसाच निसटला असता. शेवटी त्याने श्वास घेतला आणि भर आळंदी रस्त्यावर बेंबीच्या देठापासून ओरडला, "हो काका! भरणार होतो! मला गुळगुळीत हवी होती! लोक हसतील म्हणून लाज वाटली! आणि तुम्हाला सांगायचीही लाज वाटली!"

रस्त्याकडेच्या उसाच्या रसाच्या गाड्यावरचा चरक थांबला. दोन सायकलवाले वळून बघायला लागले. मला वाटतं, आयुष्यात इतक्या मोठ्याने तो पहिल्यांदाच बोलला असेल.

काका म्हणाले, "मग पुट्टी कशाला? मीच सपाट करून देतो. माझ्या हातचं काम मातीखाली पुरू नका. आधी बोलला असतात तर मठारलंच नसतं हो. मला काय माहीत, गाडीला चालत नाही ते!"

मी सोमवारी हिंदुरावांकडे गेले नाही. पुन्हा तांबट आळीत गेले. काकांनी सपाट तोंडाचा हातोडा काढला आणि स्वतः घातलेले ठोके स्वतःच मिटवायला बसले. आधी शेपूट झालं, मग बाजू, मग नाक. अनिरुद्ध समोर पाटावर बसून बघत होता. प्रत्येक ठोक्याला माझं अंग सरळ होत होतं आणि त्याचा चेहरा मात्र आक्रसत होता. मी हवी तशीच होत होते, तरीही.

शेवटी माझ्या आतला पुढचा पत्रा उरला, चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो तो. काकांनी हातोडा उचलला आणि अनिरुद्धने त्या पत्र्यावर दोन्ही हात पसरून ठेवले.

"हे राहू द्या," तो म्हणाला. त्याचा आवाज स्पष्ट होता. आळीतल्या सगळ्या ठोक्यांतूनही तो ऐकू गेला.

काकांचा हातोडा हातातच राहिला. "बाहेरून दिसणार नाही हे कुणाला."

"मला दिसेल."

काकांनी हातोडा खाली ठेवला. कौशल्याकाकू आत चहा टाकायला गेल्या.

त्यानंतर दुकान बंद झालं, ठरल्याप्रमाणे. मी आजही विश्रांतवाडीत आहे, बिल्डिंगखाली ताडपत्री पांघरून. पाऊस आला की मी घरीच असते. रहदारी इतकी वाढली आहे की माझ्या उंचीला आता फक्त बसची चाकं दिसतात. लोकांनी काच बसवून घ्या म्हणून खूप सुचवलं, पण अनिरुद्ध-दीक्षाने बसवली नाही. एखाद्या रविवारी पहाटे दीक्षा चालवते, अनिरुद्ध शेजारी बसतो आणि दोघं गप्पा मारतात, म्हणजे ओरडतात.

माझी तक्रार नाही. ज्यांनी मला घडवलं त्यांनी माझं काम माझ्यासमोर बसून पुरं केलं, आणि ज्याच्यासाठी घडवलं तो माझ्यात बसून खरं बोलला. गाडीच्या जन्माला येऊन आणखी काय मागायचं?

एकच विनंती. कधी पहाटे एखादी बिनकाचेची गाडी तुमच्या पुढे दिसली, तर लगेच हॉर्न वाजवू नका. आतल्यांना डोळे पुसायला जरा वेळ द्या. ते दर वेळी धुळीनेच भरतात असं नाही.