कोरड्या काचेचा आकडा

मी एक जुना पीएच मीटर आहे. द्रावण किती आम्ल आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. मित्रांनो, माझा सगळा जीव द्रावणात बुडवायच्या माझ्या कांडीच्या टोकाशी असलेल्या काचेच्या छोट्याशा फुग्यात असतो. तो फुगा टोपणातल्या खारट पाण्यात सतत ओला राहावा लागतो. कोरडा पडला की मी भलतेच आकडे दाखवू लागतो.

नवा होतो तेव्हा माझी मोठी बडदास्त होती. आता बटणांवरची अक्षरं पुसली आहेत, तरी मेंदूच्या या प्रयोगशाळेत माझा शब्द सगळे प्रमाण मानतात.

इथल्या संशोधक ताई चेतापेशींवर काम करत. एक पेशी दुसरीला ‘चल’ म्हणते, तशीच ‘थांब’ही म्हणते. आजूबाजूला आम्लता वाढली की काही पेशींना हा ‘थांब’चा निरोप नीट पोचत नाही, आणि मग मेंदू बेफाम सुटून झटके येऊ शकतात. किती आम्लतेला निरोप ढिला पडतो, हे ताईंना शोधायचं होतं. माझा आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त.

ताई टापटिपीच्या. घाईच्या दिवसांत त्या मला धुऊन, कागदाने लख्ख पुसून तसाच उभा करून जाऊ लागल्या. रोज सकाळी ओळखीच्या द्रावणात बुडवून माझी परीक्षा घ्यायची असते, तीही राहून गेली. मी आतून सुकत चाललो होतो. प्रयोगाच्या द्रावणात त्या थेंब थेंब आम्ल टाकत राहिल्या आणि त्यांना हवा असलेला ‘सात पूर्णांक दोन’ हा आकडा मी फार उशिरा दाखवला.

‘थांब’चा निरोप निम्म्यावर आला. एवढ्याशा आम्लतेने एवढा परिणाम, म्हणून प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर हरखले. जुनं ते सोनं, असं म्हणत त्यांनी माझ्याही पाठीवर थाप मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शोधनिबंध लिहून झाला, आणि त्या दिवशी चार वाजता तो छापायला जाणार होता. त्या आकड्याच्या भरवशावर दुसरीकडे झटक्यांच्या औषधाचे प्रयोग सुरू होणार होते.

तीन वाजता बाटल्या धुणारे मामा टेबल पुसायला आले. त्यांनी माझं टोपण उचलून उजेडात धरलं.

“ताई, हे तर कोरडं ठणठणीत आहे. कधीपासून?”

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला बरोब्बर सातच्या द्रावणात बुडवलं. मला सातवर थांबायचं होतं, पण आकडा चढतच गेला. सात पूर्णांक चार. म्हणजे प्रयोगातलं द्रावण सात पूर्णांक दोन नव्हतंच. ते सहा पूर्णांक आठच्या आसपास होतं, कितीतरी जास्त आम्ल.

तेवढ्यात सर निबंध गेला का ते विचारायला आले. टोपण पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली. मामांनी सांभाळून घेतलं, टोपण धुताना पाणी भरायचं आपल्याच हातून राहिलं असेल म्हणाले. ताईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण त्या सरांकडे वळल्या.

“नाही सर, मामांचा काही संबंध नाही. मीच कोरडा ठेवला, आणि तपासलाही नाही. आपला आकडा चुकलाय.”

सर मटकन खुर्चीत बसले. चार वाजले. निबंध गेला नाही.

मला दिवसभर भिजवून ठेवलं आणि दोन महिने सगळं काम पुन्हा झालं. खऱ्या सात पूर्णांक दोनला ‘थांब’चा निरोप जेमतेम ढिला पडत होता. निष्कर्ष लहानसा निघाला. तोच त्यांनी पाठवला, आणि त्याचं फारसं कौतुक झालं नाही.

मित्रांनो, साधनांची काळजी घ्या. हेळसांड झाली म्हणून आम्ही रुसून बंद पडत नाही. आम्ही चुकीचं सांगत राहतो, आणि तुम्ही ते खरं मानता.